कार्बन सीमा कर आणि पोलाद व्यापार

कार्बन सीमा कर म्हणजे आयात होणाऱ्या मालाच्या निर्मितीवेळी वातावरणात सोडल्या गेलेल्या हरितगृह वायूंच्या प्रमाणात आयातदाराकडून घेतली जाणारी आकारणी होय. युरोपीय संघाची ‘कार्बन सीमा समायोजन यंत्रणा’ (संक्षेप : सीबॅम) ही या प्रकारची जगातील पहिली मोठी व्यवस्था आहे. तिचा अहवाल देण्यापुरता मर्यादित असलेला संक्रमणकाळ १ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाला आणि प्रत्यक्ष आर्थिक दायित्व १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. सिमेंट, लोखंड व पोलाद, ॲल्युमिनियम, खते, वीज आणि हायड्रोजन ही सहा क्षेत्रे तिच्या कक्षेत येतात. भारताच्या दृष्टीने यांपैकी लोखंड व पोलाद हे सर्वांत महत्त्वाचे क्षेत्र आहे.

महाराष्ट्रात या आकारणीचा संबंध रायगड जिल्ह्यातील मोठ्या पोलाद कारखान्यापासून जालन्याच्या सळई कारखान्यांपर्यंत आणि पुण्याच्या मिश्रपोलाद उद्योगापर्यंत पोहोचतो. जळगाव व धुळे या खानदेशी जिल्ह्यांत खनिजापासून पोलाद बनवणारा मोठा कारखाना नाही. तथापि वीजनिर्मिती, प्लॅस्टिक उद्योग आणि छोटे अभियांत्रिकी व्यवसाय यांमुळे हा प्रदेशही या व्यवस्थेशी जोडला जातो.

पार्श्वभूमी

युरोपीय संघाने २००५ साली उत्सर्जन व्यापार योजना सुरू केली. या योजनेत वीज, पोलाद, सिमेंट इत्यादी उद्योगांच्या एकूण उत्सर्जनावर कमाल मर्यादा घातली जाते आणि प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडसाठी कारखान्याला एक परवाना सादर करावा लागतो. परवान्यांची बाजारात खरेदी-विक्री होते व त्यातून कार्बनची किंमत ठरते. मात्र पोलादासारख्या, परदेशी स्पर्धेला सामोरे जाणाऱ्या उद्योगांना बहुतांश परवाने मोफत दिले जात. तसे न केल्यास कारखाने उत्सर्जनावर बंधन नसलेल्या देशांत जातील आणि जगाचे एकूण उत्सर्जन कमी न होता केवळ त्याची जागा बदलेल, अशी भीती होती. या प्रक्रियेस ‘कार्बन गळती’ असे म्हणतात.

मोफत परवान्यांमुळे गळती रोखली गेली, तरी उत्सर्जन घटवण्याची निकडही कमी झाली. म्हणून मोफत परवाने क्रमाक्रमाने बंद करून त्याच प्रमाणात आयात मालावर आकारणी करण्याचा मार्ग निवडण्यात आला. युरोपीय आयोगाने १४ जुलै २०२१ रोजी तसा प्रस्ताव मांडला. १० मे २०२३ रोजी संबंधित विनियम संमत झाला व १७ मे २०२३ पासून तो अमलात आला.

याआधी २०१२ साली युरोपीय संघाने परदेशी विमान कंपन्यांना आपल्या उत्सर्जन योजनेत आणण्याचा प्रयत्न केला होता. भारत, चीन, अमेरिका इत्यादी देशांच्या विरोधानंतर आंतरखंडीय उड्डाणांपुरती ती अंमलबजावणी स्थगित करावी लागली. सीबॅमबाबत मात्र अशी माघार घेण्यात आली नाही.

कार्यपद्धती

सीबॅम हा कायद्याच्या परिभाषेत कर किंवा आयात शुल्क नाही. युरोपातील नोंदणीकृत आयातदाराने वर्षभरात आणलेल्या मालाचे ‘अंतर्भूत उत्सर्जन’ घोषित करावयाचे आणि तेवढ्या टनांची प्रमाणपत्रे विकत घेऊन सादर करावयाची, अशी ही पद्धत आहे. प्रमाणपत्राची किंमत युरोपीय उत्सर्जन योजनेतील लिलावाच्या सरासरी दराशी बांधलेली असते. २०२६ मधील आयातीची प्रमाणपत्रे फेब्रुवारी २०२७ पासून विक्रीस उपलब्ध होतील व पहिले वार्षिक घोषणापत्र ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यावयाचे आहे. भारतात मात्र या व्यवस्थेचा उल्लेख सर्रास ‘कार्बन कर’ असाच केला जातो.

प्रमाणपत्रांची संख्या ठरवताना युरोपीय कारखान्यांना त्या वर्षी मिळणाऱ्या मोफत परवान्यांचा हिस्सा वजा केला जातो. ही वजावट २०२६ मध्ये मानक उत्सर्जनाच्या ९७.५ टक्के, २०३० मध्ये ५१.५ टक्के आणि २०३४ मध्ये शून्य असेल. उदाहरणादाखल, एक टन पोलादाचे अंतर्भूत उत्सर्जन २.५ टन, मानक उत्सर्जन १.५ टन आणि कार्बनचा दर प्रतिटन ७० युरो धरल्यास २०२६ मध्ये सुमारे ७३ युरो, २०३० मध्ये सुमारे १२१ युरो आणि २०३४ मध्ये १७५ युरो द्यावे लागतील. हीच रक्कम १ टन उत्सर्जन असलेल्या पोलादासाठी २०३४ मध्ये ७० युरो होईल. २०२४-२५ मध्ये युरोपात गरम लाटलेल्या पत्र्याचा भाव प्रतिटन साधारण ६०० युरोंच्या आसपास होता, हे लक्षात घेता १०५ युरोंचा हा फरक सौदा जुळवण्यास किंवा मोडण्यास पुरेसा ठरतो. सुरुवातीच्या वर्षांत भार हलका व नंतर वेगाने वाढणारा, हे या रचनेचे वैशिष्ट्य आहे.

उत्पादक देशात कार्बनची किंमत प्रत्यक्ष भरलेली असल्यास ती वजा करण्याची तरतूद विनियमात आहे. त्यामुळे उत्सर्जनाचे पैसे निर्यातदार देशाने स्वतः वसूल करावयाचे की युरोपच्या तिजोरीत जाऊ द्यावयाचे, हा प्रश्न प्रत्येक देशापुढे उभा राहतो.

पोलादनिर्मितीच्या पद्धती व उत्सर्जन

आकारणी मालाच्या नावावर नव्हे, तर तो कसा बनला यावर अवलंबून असल्याने निर्मितीची पद्धत निर्णायक ठरते.

पहिली पद्धत झोतभट्टीची आहे. तीत लोहखनिजातील ऑक्सिजन कोकच्या साहाय्याने काढला जातो. या मार्गाने एक टन कच्च्या पोलादामागे जगात सरासरी सुमारे २.३ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

दुसऱ्या पद्धतीत खनिज न वितळवता त्याचे स्पंज आयर्न बनवून ते विद्युत भट्टीत वितळवतात. स्पंज आयर्न नैसर्गिक वायूवर बनवल्यास उत्सर्जन सुमारे १.४ टनांपर्यंत उतरते. भारत हा स्पंज आयर्नचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक असला, तरी येथील बहुतेक उत्पादन दगडी कोळशावर होते व त्याचे उत्सर्जन वायूवरील उत्पादनापेक्षा बरेच अधिक असते.

तिसऱ्या पद्धतीत केवळ भंगार वितळवले जाते. तीत उत्सर्जन सुमारे ०.७ टन असते व त्याचा मोठा भाग विजेतून येतो.

भारत २०१८ पासून चीनच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकाचा पोलाद उत्पादक आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १४.४ कोटी टन कच्चे पोलाद तयार झाले. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार भारतीय पोलादाची उत्सर्जन तीव्रता प्रतिटन २.५४ टन आहे. जागतिक सरासरी १.९१ टन आहे. कोळशावरील अवलंबित्व, हलक्या प्रतीचे खनिज आणि भंगाराची टंचाई ही या तफावतीची प्रमुख कारणे होत.

व्यापारावरील परिणाम

ग्लोबल ट्रेड रिसर्च इनिशिएटिव्ह या संस्थेच्या विश्लेषणानुसार २०२२ मध्ये भारताच्या लोखंड, पोलाद व ॲल्युमिनियम उत्पादनांच्या निर्यातीपैकी २७ टक्के निर्यात युरोपीय संघात झाली आणि तिचे मूल्य ८.२ अब्ज डॉलर होते. त्यामुळे सीबॅमचा पहिला परिणाम थेट किमतीवर होतो.

दुसरा परिणाम मालाच्या वाटा बदलण्याचा आहे. अनेक कारखाने असलेली कंपनी आपला कमी उत्सर्जनाचा माल युरोपकडे आणि उरलेला माल आशिया, आखाती देश किंवा देशांतर्गत बाजाराकडे वळवू शकते. असे झाल्यास युरोपच्या नोंदींत उत्सर्जन घटलेले दिसते, परंतु जगाच्या उत्सर्जनात फरक पडत नाही. ज्या उत्पादकाचा माल परदेशी जातच नाही, त्यालाही युरोपातून परतलेल्या मालाशी स्वदेशात स्पर्धा करावी लागते.

तिसरा परिणाम भंगाराच्या मागणीशी निगडित आहे. सीबॅमच्या हिशेबात भंगाराचे स्वतःचे उत्सर्जन शून्य धरले जाते. त्यामुळे भंगारापासून बनलेल्या पोलादाला लाभ होतो व भंगाराची मागणी वाढते. भारत भंगाराची आयात करतो. युरोपीय संघाच्या २०२४ मधील कचरा वाहतूक विनियमानुसार मे २०२७ पासून विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेबाहेरील देशांना भंगार मिळण्यासाठी आधी मान्यता घ्यावी लागणार आहे. म्हणजेच कमी उत्सर्जनाच्या पोलादाची मागणी आणि त्याच्या कच्च्या मालावरील निर्बंध एकाच बाजारपेठेतून येतात.

महाराष्ट्रातील स्थिती

रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात डोलवी येथे असलेला जेएसडब्ल्यू स्टीलचा कारखाना हा राज्यातील सर्वांत मोठा पोलाद कारखाना आहे. मूळच्या इस्पात इंडस्ट्रीजकडून २०१० मध्ये तो जेएसडब्ल्यूकडे आला. २०२१ मध्ये त्याची वार्षिक क्षमता ५० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यात आली. येथे झोतभट्ट्यांबरोबरच वायूवर चालणारा स्पंज आयर्न विभागही आहे. त्याच जिल्ह्यातील सालाव येथे कमी उत्सर्जनाच्या पोलादाचा स्वतंत्र प्रकल्प उभारण्याचा मानस कंपनीने जाहीर केला असून त्यामागे युरोपीय बाजारपेठ टिकवण्याचा हेतू आहे.

पुण्यात कल्याणी समूहाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘कल्याणी फेरेस्टा’ या नावाने हरित पोलाद बाजारात आणले. भंगार, विद्युत भट्टी आणि नवीकरणीय वीज यांच्या आधारे ते तयार होते. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्गुस येथे कोळशावर स्पंज आयर्न बनते. चंद्रपूर येथील स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाचा मिश्रधातू कारखाना फेरो मँगेनीज व सिलिको मँगेनीज तयार करतो; सीबॅमच्या सूचीत यांपैकी फेरो मँगेनीज समाविष्ट आहे, सिलिको मँगेनीज नाही. एकाच छताखाली बनणाऱ्या दोन मालांना वेगळा नियम लागू होतो, याचे हे उदाहरण आहे.

जालना हे शहर इंडक्शन भट्ट्या व रोलिंग मिल यांसाठी प्रसिद्ध आहे. भंगार व स्पंज आयर्न वितळवून बिलेट आणि त्यापासून बांधकामाच्या टीएमटी सळ्या बनवणे हा तेथील प्रमुख व्यवसाय होय. हा माल मुख्यतः देशातच खपतो. त्यामुळे जालन्यावर सीबॅमचा परिणाम प्रत्यक्ष आकारणीपेक्षा भंगाराचा भाव, देशात परतणारा माल आणि भारताचे स्वतःचे हरित पोलाद नियम यांच्या द्वारे अधिक होतो.

खानदेशाशी संबंध : विजेचे दोन हिशेब

भुसावळजवळ दीपनगर येथे महानिर्मिती कंपनीचे कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत केंद्र आहे. दुसरीकडे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात राज्यातील मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांपैकी एक आहे आणि याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉट क्षमतेचा सौर प्रकल्प २०१३ पासून कार्यरत आहे. कोळशाची व वाऱ्या-उन्हाची अशी दोन्ही प्रकारची वीज खानदेशातून राज्याच्या जाळ्यात जाते.

या विजेचा पोलादाच्या हिशेबातील वाटा मात्र मोजणारा कोण यावर ठरतो. सीबॅमच्या विनियमानुसार लोखंड व पोलाद यांच्यासाठी केवळ थेट उत्सर्जन, म्हणजे कारखान्यात आणि वापरलेल्या पूर्व-उत्पादनांच्या निर्मितीत जळलेल्या इंधनाचे व रासायनिक प्रक्रियेचे उत्सर्जन मोजले जाते. खरेदी केलेल्या विजेचे उत्सर्जन संक्रमणकाळात कळवावे लागत असे, परंतु पोलादाच्या आकारणीत ते धरले जात नाही. याउलट केंद्रीय पोलाद मंत्रालयाने १२ डिसेंबर २०२४ रोजी जाहीर केलेल्या हरित पोलाद वर्गवारीत विजेचे उत्सर्जनही मोजले जाते. या वर्गवारीनुसार तयार पोलादाच्या प्रतिटन उत्सर्जन २.२ टनांहून कमी असल्यास ते हरित मानले जाते. १.६ टनांहून कमी उत्सर्जनास पाच, १.६ ते २ टनांस चार आणि २ ते २.२ टनांस तीन तारे मिळतात.

इंडक्शन भट्टीत एक टन पोलाद वितळवण्यास साधारण ६०० युनिट वीज लागते, असे धरल्यास आणि देशाच्या वीजजाळ्याचे उत्सर्जन प्रतियुनिट सुमारे ०.७ किलो लक्षात घेतल्यास विजेमुळे सुमारे ०.४ टन उत्सर्जन होते. हे ०.४ टन भारतीय वर्गवारीत मोजले जातात आणि युरोपीय आकारणीत मोजले जात नाहीत. म्हणून साक्रीसारख्या ठिकाणची पवन किंवा सौर वीज घेणाऱ्या भट्टीला देशातील तारे वाढवण्यास मदत होते. युरोपातील देणे मात्र त्यामुळे कमी होत नाही. तेथील देणे कमी करावयाचे तर भट्टीत कोळशावरील स्पंज आयर्नचे प्रमाण घटवून भंगार वाढवावे लागते. गुंतवणूक विजेत करावी की कच्च्या मालात, याचा निर्णय माल कोठे विकावयाचा आहे यावर अवलंबून राहतो. एकाच सळईचे दोन ठिकाणी दोन वेगळे हिशेब होतात, ही बाब लहान कारखान्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेला १७४ किलोमीटर लांबीचा जालना-जळगाव रेल्वेमार्ग जालन्याच्या पोलाद पट्ट्याला खानदेशाशी थेट जोडणार आहे.

जळगावचे प्लॅस्टिक पाइप व ठिबक सिंचन संच सध्या सीबॅमच्या कक्षेबाहेर आहेत. तथापि मूळ विनियमातच सेंद्रिय रसायने आणि पॉलिमर यांचा पुढील विस्तारासाठी विचार करण्याची तरतूद आहे. पॉलिमर हा या उद्योगाचा कच्चा माल असल्याने पोलाद क्षेत्राचा अनुभव जळगावलाही उपयोगी ठरणारा आहे.

लघुउद्योगांपुढील अडचणी

सीबॅमच्या सूचीत केवळ पत्रे व सळ्याच नाहीत, तर नळ्या, टाक्या, पोलादी सांगाडे, तसेच नट, बोल्ट व स्क्रू यांचाही समावेश आहे. वाहनांचे सुटे भाग व यंत्रसामग्री मूळ सूचीत नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने सुमारे १८० पुढील टप्प्यांतील उत्पादने समाविष्ट करण्याचा प्रस्ताव मांडला.

बोल्ट बनवणाऱ्या कारखान्याचे स्वतःचे उत्सर्जन नगण्य असते. परंतु ज्या तारेपासून वा सळईपासून बोल्ट बनला, तिच्या निर्मितीचे उत्सर्जन त्याच्या हिशेबात येते. औद्योगिक वसाहतीतील छोटा कारखानदार हा माल बहुधा व्यापाऱ्याकडून घेतो आणि एकाच महिन्यात त्याच्याकडे दोन-तीन गिरण्यांचा माल आलेला असतो. कोणता माल कोणत्या भट्टीचा, याची नोंद ठेवणे व मूळ उत्पादकाकडून आकडेवारी मिळवणे हे त्याच्यापुढील खरे आव्हान असते. प्रत्यक्ष आकडेवारीची मान्यताप्राप्त पडताळणी संस्थेकडून तपासणी होणेही आवश्यक असते.

अशी आकडेवारी नसल्यास युरोपीय आयोगाने ठरवलेली प्रमाणित मूल्ये वापरली जातात व त्यांवर वाढीव भार लावला जातो. परिणामी ज्याने भंगारापासून स्वच्छ पोलाद वापरले पण कागद ठेवले नाहीत, त्याचा माल हिशेबात अस्वच्छ ठरतो. संक्रमणकाळात प्रमाणित मूल्यांचा मुक्त वापर करण्याची मुभा ३१ जुलै २०२४ पर्यंतच होती.

ऑक्टोबर २०२५ मधील दुरुस्तीने वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्यांना सूट देण्यात आली. मात्र ही मर्यादा युरोपातील आयातदारासाठी आहे, भारतातील निर्यातदारासाठी नाही. वर्षाला दहा टन माल पाठवणाऱ्या कारखान्याचा ग्राहक अन्यत्रून शेकडो टन माल आणत असेल, तर त्या दहा टनांचाही हिशेब द्यावा लागतो.

भारताची भूमिका व उपाययोजना

भारताने सीबॅमला एकतर्फी उपाय म्हणून विरोध केला आहे. हवामान बदलविषयक आंतरराष्ट्रीय करारांतील ‘समान परंतु भिन्न जबाबदारी’ या तत्त्वानुसार औद्योगिक देशांनी ऐतिहासिक उत्सर्जनाचा अधिक भार उचलावा, तर सीबॅममध्ये प्रत्येक टनाला सर्व देशांसाठी सारखाच दर लागतो, हा या विरोधाचा गाभा आहे. ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत व चीन यांच्या बेसिक गटाने नोव्हेंबर २०२४ मधील बाकू हवामान परिषदेत एकतर्फी व्यापार उपायांचा विषय उपस्थित केला. रशियाने मे २०२५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत या यंत्रणेविरुद्ध तक्रार केली. भारत व युरोपीय संघ यांच्यात २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या मुक्त व्यापार वाटाघाटींतही हा मुद्दा प्रमुख होता. युरोपीय संघाचे म्हणणे असे की, देशी व परदेशी मालाला समान कार्बन दर लावला जात असल्याने ही व्यवस्था भेदभाव करणारी नाही.

विरोधाबरोबरच देशांतर्गत तयारीही सुरू आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. तिच्या नऊ क्षेत्रांत लोखंड व पोलाद यांचा समावेश आहे. ही योजना एकूण उत्सर्जनावर मर्यादा न घालता प्रतिटन उत्पादनामागील उत्सर्जनाचे लक्ष्य ठरवते. लक्ष्याच्या आत राहणाऱ्या कारखान्याला काहीही भरावे लागत नसल्याने या योजनेखालील खर्चाची युरोपात किती वजावट मिळेल, हा तांत्रिक तरी मोठ्या आर्थिक परिणामाचा प्रश्न आहे. हरित पोलादाच्या तारांकनाचे काम राष्ट्रीय दुय्यम पोलाद तंत्रज्ञान संस्थेकडे सोपवण्यात आले आहे.

इतर देशांतील घडामोडी

ब्रिटनने १ जानेवारी २०२७ पासून स्वतःची कार्बन सीमा आकारणी लागू करण्याचे ठरवले असून तिच्या कक्षेतही लोखंड व पोलाद आहे. त्यामुळे युरोपीय संघाकडून ब्रिटनकडे माल वळवून हा खर्च कायमचा टाळता येण्याजोगा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पोलादाचा शुल्कमुक्त आयात कोटा सुमारे ४७ टक्क्यांनी घटवून त्यापलीकडील आयातीवर ५० टक्के शुल्क लावण्याचा प्रस्तावही मांडला. कार्बन आकारणी आणि कोटा हे दोन स्वतंत्र अडसर आहेत : पहिला स्वच्छ उत्पादनाने कमी करता येतो, दुसऱ्यावर उत्पादनाच्या पद्धतीचा काहीही परिणाम होत नाही.